कुंचल्याचे अक्षर निवडताना

मंडळी, आजचा पाठ अक्षरांचाच आहे. पण अक्षरे ओळखायची कशी, हा आजचा विषय नाही. ती तुम्हांला आता येतात. अक्षरांना कपडे कोणते घालायचे, हा आजचा विषय आहे.

"गुरुजी, अक्षरांना कसले आलेत कपडे?" असे तुम्ही म्हणाल. मग आपल्या गावातच बघा. एस.टी.च्या पाटीवर गावाचे नाव असते. लग्नाच्या पत्रिकेवर नवरा-नवरीचे नाव असते. जत्रेच्या कुस्त्यांच्या कागदावर पैलवानाचे नाव असते. तिन्ही ठिकाणी 'म' आला, तर 'म' तोच. पण एस.टी.वरचा 'म' सरळ उभा. पत्रिकेवरचा 'म' नाजूक, वेलबुट्टीचा. आणि कुस्तीच्या कागदावरचा 'म' दंड थोपटून उभा राहिल्यासारखा. आपला माणूस नाही का, शेतात बंडी घालतो आणि लग्नात फेटा बांधतो? तसेच हे.

पूर्वी हे काम पेंटरच्या हातचे होते. पेंटर भिंतीशी यायचा. खडूची दोरी ताणून दोन रेघा मारायचा. मग रंगाच्या डब्यात कुंचला बुडवून एकेक अक्षर उतरवायचा. आम्ही मुले शाळा सोडून ते बघत उभे राहायचो, आणि त्याबद्दल मारही खायचो. आता बचत गटाच्या बायासुद्धा आपल्या पापडांची जाहिरात मोबाइलवर करतात. व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर टाकतात. तालुक्याच्या दुकानात जाऊन फ्लेक्स छापून आणतात. दुकानातला मुलगा संगणकासमोर बसतो आणि विचारतो, "कोणता फॉन्ट घालू?"

फॉन्ट म्हणजे काय? फॉन्ट म्हणजे एका घाटाच्या अक्षरांचा पुरा संच. 'अ'पासून 'ज्ञ'पर्यंत सगळी अक्षरे, काना, मात्रा, वेलांट्या, आकडे, सगळे एकाच हाताने काढल्यासारखे. छापखान्यात पूर्वी शिशाचे खिळे असत. एकेका खिळ्यावर एकेक अक्षर. ते खिळे ओळीत जुळवून पान तयार होई. मुंबईला जावजी दादाजी यांनी १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. त्याच्या सुबक खिळ्यांचे नाव फार मोठे झाले. आता खिळा शिशाचा राहिला नाही. तो संगणकात आणि मोबाइलात बसला. पण गोष्ट तीच.

या फॉन्टांत एक जात आहे, तिला ब्रश फॉन्ट म्हणतात. कुंचल्याने झपाझप ओढल्यासारखी अक्षरे. आपले जुने देवनागरी अक्षर बोरूचे आहे. बोरूचे टोक तिरके छाटलेले असते. म्हणून बोरू एका दिशेने ओढला की रेघ जाड येते, दुसऱ्या दिशेने ओढला की बारीक. कुंचल्याचे तसे नाही. कुंचला दाबला की रेघ फुगते, उचलला की शेपटासारखी निमुळती होते. रंग संपत आला की रेघेत पांढरे ओरखडे उठतात. भरभर फटकारा मारला तर चार थेंब आजूबाजूला उडतात. ब्रश फॉन्टमध्ये हे सगळे मुद्दाम ठेवलेले असते. त्यामुळे ते अक्षर जिवंत दिसते, हातचे वाटते. घरगुती मालाच्या जाहिरातीला म्हणूनच लोकांना ते आवडते. आम्हांलाही आवडते. आवडले म्हणूनच पुढचा घोटाळा झाला.

आमच्या गावात अकरा बायांचा एक बचत गट आहे. कांदा-लसूण मसाला, शेवया, पापड आणि उन्हाळ्यात कैऱ्यांचे लोणचे, असा त्यांचा माल. माल चोख. चैत्राच्या जत्रेत दुकान मांडायचे ठरले, तेव्हा त्या आमच्याकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, आमच्यासंगं तालुक्याला चला. पाटी करायची हाय. तुमचं अक्षर चांगलं." फळ्यावर सारा जन्म अक्षरे गिरवली, म्हणून आम्हांला मान मिळाला. आम्ही गेलो. दुकानातल्या मुलाने पडद्यावर वीसेक फॉन्ट दाखवले. एक ब्रश फॉन्ट बघताच आम्ही खूश झालो. जाड फटकारे, उडालेले थेंब, वरची रेघ कुठे आहे, कुठे नाही. आम्ही म्हणालो, "हाच घाल. सगळीकडे हाच." मुलगा म्हणाला, "सगळीकडे?" आम्ही म्हणालो, "सगळीकडे." त्या पोराने विचारले तेव्हाच आम्ही थांबायला हवे होते.

फ्लेक्स लागला. त्याचेच चित्र मोबाइलवरही फिरले. लोक म्हणाले, झकास! दुसऱ्या दिवशी आमच्या साक्षरता वर्गातल्या एक मावशी त्या फ्लेक्ससमोर उभ्या दिसल्या. त्या त्याच गटातल्या. साठी उलटल्यावर वाचायला शिकल्या. बोट वर करून एकेक अक्षर लावीत होत्या. "ध... र... गु... ती..." मग थांबल्या. पुढचा शब्द घेतला. "भ... सा... ले..." पुन्हा थांबल्या. आमच्याकडे वळून म्हणाल्या, "गुरुजी, मी इसरले वाटतं. येत हुतं, ते गेलं."

पाटीवर होते 'घरगुती मसाले'. मावशी काही विसरल्या नव्हत्या. पाटीवर जे दिसत होते, तेच त्यांनी वाचले होते.

आता नीट बघा, असे का झाले. 'घ' आणि 'ध' ही सख्खी भावंडे आहेत. फरक डोक्यावर आहे. 'घ'वर रेघ सलग असते. 'ध'ला डाव्या बाजूला गाठ असते आणि तिथे रेघ तुटलेली असते. 'म' आणि 'भ' यांचेही तसेच. म्हणजे वरची रेघ ही नुसती शोभा नाही. कोणते अक्षर कोणते, हे ती सांगते. आमच्या त्या फॉन्टमध्ये कुंचल्याच्या झटक्यात ती रेघच मोडली होती. 'घ' उघडा पडला आणि 'ध'सारखा दिसू लागला. 'म'च्या डोक्यावर रंगाचा गोळा आला आणि त्याचा 'भ' झाला.

मुरलेला वाचक अक्षरे लावीत नाही. तो सबंध शब्दाचा चेहरा ओळखतो. 'घरगुती' म्हटले की पुढे 'मसाले'च येणार, हे त्याला ठाऊक असते. म्हणून शहरातला माणूस तो फ्लेक्स सहज वाचून गेला. आम्हीही वाचून गेलो. नवा वाचक मात्र प्रत्येक अक्षरावर विश्वास टाकून पुढे जातो. अक्षराने दगा दिला की तो स्वतःलाच दोष देतो. मावशींनी तेच केले. आम्हांला त्या दिवशी जेवण गेले नाही.

ही काही एकच जोडी नाही. 'ख' घ्या. त्याचे दोन भाग खाली नीट जुळले नाहीत, तर तो 'रव' होतो. मग 'खारे शेंगदाणे' यांचे 'रवारे शेंगदाणे' होतात. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ जाड रंगात बुडाली, तर उरतो 'व'. 'बाजरी'ची 'वाजरी' होते. आणि ते उडालेले थेंब! आपल्या लिपीत अक्षराच्या डोक्यावर टिंब दिले की तो अनुस्वार होतो. 'पापड' या शब्दावर एक थेंब उडाला की 'पांपड'. इंग्रजी अक्षरांवर दहा थेंब उडाले तरी फारसे बिघडत नाही. आपल्याकडे एकेक टिंब बोलते.

आकड्यांची गोष्ट तर सगळ्यांत महाग पडली. फोनचा नंबरही आम्ही त्याच फॉन्टमध्ये घातला होता. कुंचल्याच्या शेपटीने '१' हा '९'सारखा दिसू लागला. पाच-सहा गिऱ्हाइकांचे फोन भलत्याच माणसाला गेले. बाजारात एका बाईने सांगितले, "तुमचा फोन कुणी बाप्या उचलतो अन् म्हणतो, मी मसाला करत न्हाई." तेव्हा आम्हांला कळले. तो माणूस भला म्हणायचा. रागावला नाही. पण जत्रेच्या आठवड्यातली गिऱ्हाइके गेली ती गेली. अकरा बायांनी रात्री जागून मसाला कुटला होता, आणि नंबर चुकला तो आमच्या हौसेने.

म्हणून पहिली गोष्ट पक्की करा. कुंचल्याचे अक्षर एकाच ठिकाणी घालायचे. मालाचे नाव, नाही तर दुकानाचे नाव. दोन शब्द, फार तर तीन. बाकीचा मजकूर साध्या अक्षरात. नंबर, किंमत, पत्ता, तारीख हे कधीही नक्षीत घालू नये. ताटात लोणचे एका कोपऱ्यात असते. ताटभर लोणचे कोणी वाढत नाही.

दुसरी गोष्ट, फॉन्ट मराठीचा आहे की नाही, ते आधी बघा. मोबाइलवर ब्रश फॉन्ट म्हणून जे दाखवतात, त्यांतले पुष्कळसे नुसते इंग्रजी अक्षरांचे असतात. त्यांत आपले 'क, ख, ग' मुळात नसतातच. असा फॉन्ट निवडून तुम्ही मराठी लिहिले, की मोबाइल गुपचूप आपल्याजवळचे साधे मराठी अक्षर तिथे घालतो. किंवा नुसत्या रिकाम्या चौकटी दिसतात. मग माणूस म्हणतो, फॉन्ट बदलला तरी काही बदलत कसे नाही? अहो, तुमचे माप त्या शिंप्याकडे नाहीच!

फॉन्ट मराठीचा असला, तरी तो तपासून घ्यावा. आम्ही आता असे करतो. आपल्या मालातलेच अवघड शब्द काढतो आणि तेवढे आधी लिहून बघतो. 'कैऱ्यांचे लोणचे' हा शब्द फार कामाचा. त्यातला 'ऱ्या' मराठीचा खास. पुष्कळ फॉन्टांत तो नीट नसतो आणि 'कैर्यांचे' असे काहीतरी उमटते. 'घरगुती मसाले' तर लिहायचेच; त्याने आम्हांला एकदा पोळले आहे. 'क्ष', 'ज्ञ', 'त्र', 'श्र' ही जोडाक्षरे बघावी. 'चिक्की' लिहून बघावे. जोडाक्षर जुळत नसेल तर खाली पाय मोडलेला दिसतो. काही वेळा ऱ्हस्व वेलांटी आपल्या अक्षराला सोडून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. असे दिसले की तो फॉन्ट, नाही तर तो संगणक, आपल्या कामाचा नाही.

'लसूण' या शब्दातला 'ल'ही बघावा. 'ल' आणि 'श' यांची दोन-दोन रूपे चालत आली आहेत, एक मराठी वळणाचे आणि एक हिंदी वळणाचे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली वर्णमालेबद्दल निर्णय काढला. त्यात पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' ही मराठीची रूपे ठरवून दिली. आपण वर्गात तीच गिरवतो. हिंदी वळणाचा 'ल' पाहून जाणता माणूस अडत नाही. पण नवा वाचक अडतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. काही फॉन्टांत दोन्ही रूपे असतात. संगणकात भाषा मराठी निवडली की मराठी रूप येते. दुकानातल्या मुलाला हे सांगावे. त्याला बहुधा ठाऊक असते. कोणी विचारीत नाही म्हणून तो करीत नाही.

जुन्या फॉन्टांची एक खोड सांगून ठेवतो. पूर्वीचे बरेच मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी चित्रे बसवून केलेले होते. त्यांत लिहिलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला, आणि तिथे तोच फॉन्ट नसला, की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. युनिकोड नावाची पद्धत १९९१ साली आली. तीत देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा नंबर मिळाला. आता 'क' तो 'क'च राहतो, मग कपडे कोणतेही घाला. तेव्हा फॉन्ट युनिकोडचा आहे का, एवढे विचारावे.

आता कोणते फॉन्ट बघावे? गूगल फॉन्ट्स म्हणून एक ठिकाण आहे. तिथले फॉन्ट फुकट उतरवून घेता येतात आणि धंद्यालाही वापरता येतात. तिथे 'कलम' नावाचा फॉन्ट आहे. तो हाताने पेनाने लिहिल्यासारखा दिसतो. कुंचल्याइतका झोकदार नाही, पण वाचायला सोपा. 'यात्रा वन' नावाचा आहे. मुंबईच्या लोकल गाड्यांच्या फलाटांवर रंगवलेल्या पाट्या असत, त्या पाहून तो केला आहे. त्याला पेंटरच्या हाताचे वळण आहे आणि तरी प्रत्येक अक्षर ठाम आहे. आम्हांला विचाराल तर मसाल्याच्या नावाला हा शोभतो. मुंबईच्या 'एक टाइप' या मंडळींनी 'मोदक' केला आहे. नावासारखाच गुबगुबीत. लहान मुलांच्या खाऊला छान. पण त्याच्या पोटातल्या फटी फार बारीक आहेत, म्हणून छोट्या चित्रात तो घालू नये. याच मंडळींचा 'मुक्त' हा साधा, स्वच्छ फॉन्ट आहे. नक्षीच्या अक्षराखाली पत्ता आणि नंबर लिहायला तो चांगला.

इतर ठिकाणी 'फुकट' असे लिहिलेले दिसले, तरी खालचा मजकूर वाचावा. पुष्कळदा तिथे लिहिलेले असते की हा फॉन्ट फक्त घरच्या वापराला फुकट आहे, धंद्याला वापरायचा तर पैसे भरा. ज्याने महिनोन्महिने बसून अक्षरे घडवली, त्याची ती मेहनत आहे. तुमच्या शेतातला ऊस कोणी न विचारता नेला तर तुम्ही काय म्हणाल?

अक्षराचा स्वभाव आणि मजकुराचा स्वभाव जुळायला हवा. हे जाणणारे मोठे चित्रकार आपल्याकडे होऊन गेले, कमल शेडगे. १९३५ साली जन्मले, २०२० साली वारले. मराठी नाटकांची आणि मासिकांची नावे त्यांनी अशी रेखाटली, की नाव वाचताच नाटक रडवणार की हसवणार ते समजावे. एकाचे अक्षर त्यांनी दुसऱ्याला घातले नाही. आपण एवढे कोठून करणार? पण थोडा विचार करता येतो. मसाला, चटणी, कुस्ती, जत्रा यांना फटकाऱ्याचे अक्षर खुलते. औषधाला, खताच्या प्रमाणाला, ग्रामसभेच्या सूचनेला ते घालू नये. आणि एक मागणे आहे. कोणी वारले तर 'भावपूर्ण श्रद्धांजली' हे शब्द कृपा करून नाचऱ्या अक्षरात लिहू नका. असे फ्लेक्स आम्ही पाहिले आहेत. मान खाली घालून पुढे गेलो.

हातच्या कुंचल्यात आणि कुंचल्याच्या फॉन्टात एक फरक आहे, तोही ध्यानात असू द्या. पेंटर 'मामा' लिहील, तर त्याचे दोन 'म' सारखे येणार नाहीत. फॉन्टमधले दोन्ही 'म' अगदी जुळे येतात. ओरखडा तोच, थेंबही तोच. हातचे म्हणून केलेले सोंग तिथे उघडे पडते. म्हणून एकच अक्षर पुन्हा पुन्हा येणारा शब्द असला, तर ओरखड्यांचा फॉन्ट टाळावा. भरीव रेघेचा घ्यावा.

ओरखड्यांचा आणखी एक तोटा आहे. व्हॉट्सॲपवर चित्र पाठवले की ते दाबून लहान केले जाते. बारीक ओरखडे पुसट होतात आणि अक्षराला बुरशी आल्यासारखी दिसते. जाड, भरीव अक्षर टिकते. रंगाचेही बघावे. हळदीची जाहिरात म्हणून पांढऱ्यावर पिवळे अक्षर घालतात. ते उन्हात दिसतच नाही. पिवळ्यावर काळे किंवा गडद तांबडे घाला, लांबून दिसेल. मिरच्यांच्या ढिगाच्या फोटोवर अक्षर घालायचे असेल, तर खाली एका रंगाचा पट्टा आधी टाका.

चित्र तयार झाले की लगेच पाठवू नका. मोबाइल हात लांब करून धरा. वाचता येते का? मग तो अशा माणसाला दाखवा, ज्याला मजकूर आधी ठाऊक नाही. आणि त्याला मोठ्याने वाचायला सांगा. "कसे दिसते?" असे विचारू नका. "झकास" म्हणून तो मोकळा होईल. वाचायलाच लावा.

आम्ही स्वतःच्या खर्चाने दुसरा फ्लेक्स करायला दिला. वर 'घरगुती मसाले' ठाम, भरीव अक्षरात, वरची रेघ सलग. खाली मालाची नावे साध्या अक्षरात. त्याखाली नंबर, मोठा. छापण्याआधी दुकानातल्या मुलाने चित्र मोबाइलवर पाठवले. आम्ही ते घेऊन मावशींकडे गेलो. त्या ओट्यावर लसूण सोलत होत्या. हात पुसून त्यांनी मोबाइल घेतला आणि वाचू लागल्या. घरगुती मसाले. कांदा-लसूण मसाला. शेवया. पापड. कैऱ्यांचे लोणचे. मग नंबराचा एकेक आकडा. कुठेही अडल्या नाहीत. पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवले आणि म्हणाल्या, "समदं वाचलं, गुरुजी. पर किंमत कुठं हाय?"

किंमत घालायची राहिली होती.